वाळवंट कसे पाहावे

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग उभी राहते. त्यापलीकडे तिथे पाहण्याजोगे काही असेल, असे सहसा मनात येत नाही. सुट्टीत जैसलमेरला जाऊन येणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. किल्ला पाहायचा, सम गावच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहायचा आणि परतायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. परंतु त्याच परिसरात आपल्या देशातले एक फार मोठे राखीव वाळवंट पसरलेले आहे. ते कसे पाहावे आणि पाहताना काय ध्यानात घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रदेशाचे नाव राष्ट्रीय मरु उद्यान. १९८० साली ते घोषित झाले. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचा विस्तार ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असले, तरी कायद्याने त्याचा दर्जा अभयारण्याचा आहे. त्याच्या हद्दीत सत्तरांहून अधिक गावे आहेत. लोक तिथे शेळ्यामेंढ्या चारतात, पावसाळी बाजरी पेरतात. आणि ज्या वाळूच्या टेकड्यांसाठी आपण एवढे दूर जातो, त्यांनी या क्षेत्राचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापला आहे. बाकीची भूमी म्हणजे खडकाळ माळ, खारट सखल जागा, झुडपे आणि गवत. म्हणजे वाळवंट पाहायला जाणाऱ्याने खरे तर गवत पाहायला शिकले पाहिजे.

हे गवत म्हणजे सेवण. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात, आणि थोड्याशा पावसाने ते पुन्हा हिरवे होते. अधूनमधून खेजडीची झाडे दिसतात. नाव परके वाटले, तरी खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमीच. आक म्हणजे आपली रुई. जागोजागी ‘ओरण’ लागतात. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कोणी कुऱ्हाड चालवीत नाही. आपल्याकडच्या देवराया आठवल्या म्हणजे ओरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. वन खात्याची परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन जीपमधून फिरावे, आणि ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. निघायचे ते पहाटे. पुष्कळांना वाटते की, उघड्या माळावर वाटाड्याची गरज काय? जंगलात झाडे आड येतात, येथे तर क्षितिजापर्यंत सारे मोकळे! परंतु नेमकी हीच अडचण आहे. आडोसा नसलेल्या भूमीवरचा प्रत्येक जीव रंगाने त्या भूमीशी एकरूप झालेला असतो. समोर पन्नास पावलांवर चिंकारा उभा असतो आणि तो कान हलवीपर्यंत आपल्याला दिसत नाही. पखुर्ड्यांचा थवा पायांखालून उडावा तसा उडतो, तोवर ते दगडच वाटत असतात. या पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून घेतो आणि ते पाणी दूरवरच्या पिलांना नेऊन पाजतो. सांडा बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेला असतो. शेपटीत चरबी साठवून अडचणीचे दिवस काढणारा हा शाकाहारी सरडा आहे. त्याच्या तेलाच्या खोट्या औषधी कीर्तीपायी त्याचे लक्षावधी भाईबंद प्राणास मुकले. हे सारे दाखवायला तिथल्या मातीत वाढलेला डोळा लागतो.

वाटाड्या काही बंधनेही घालतो. जीप आखलेली वाट सोडीत नाही, खाली उतरू दिले जात नाही, मोठ्याने बोलू दिले जात नाही. ही बंधने प्रवाशांना कधी कधी जाचक वाटतात. त्यांचे कारण कळण्यासाठी या भूमीचा जो खरा मानकरी, त्या पक्ष्याकडे वळले पाहिजे.

राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आपण त्याला माळढोक म्हणतो. उंची सुमारे एक मीटर, आणि पुरा वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजनदार फार थोडे. त्याच्या पायाला मागचे बोट नाही, त्यामुळे तो झाडावर बसू शकत नाही. त्याचे सारे आयुष्य जमिनीवर जाते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्यावाचून. वाट सोडून गेलेल्या एका चाकाखाली त्या जोडीचे वर्षभराचे सारे पदरचे धन चिरडू शकते. कोणी जवळ आले म्हणजे मादी उठून दूर जाते, आणि तेवढ्यात कावळा किंवा कोल्हा आपला कार्यभाग साधतो. वाटाड्या गप्प राहा म्हणतो, तो यासाठी.

एके काळी हा पक्षी पंजाबपासून दख्खनपर्यंतच्या माळांवर होता. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडताना डॉ. सालिम अली यांनी त्याचाच आग्रह धरला होता; १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज जगात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. शिकार झाली, कालव्याचे पाणी आल्यावर गवताच्या जागी शेते आली, भटकी कुत्री वाढली. आणि अलीकडे सर्वांत मोठे संकट आले ते विजेच्या तारांचे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे त्याला फारसे दिसत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि एवढ्या वजनाच्या पक्ष्याला ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी या भागातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा हिशेब मांडला, तेव्हा तारांमुळे दरसाल सर्व जातींचे मिळून ८०,००० हून अधिक पक्षी मरत असावेत, असे निघाले.

येथे एक पेच आहे, आणि तो प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. या तारा कशाच्या? सूर्य आणि वारा यांपासून काढलेल्या विजेच्या. कोळशाचा धूर कमी व्हावा म्हणून ही वीज हवी, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मोठ्या दाबाच्या तारांच्या बाबतीत ते कठीण आहे, असे सरकारने सांगितल्यावर मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. तिकडे वन खाते व वन्यजीव संस्था यांनी २०१९ पासून सम येथे, आणि पुढे रामदेवरा येथेही, माळावरची अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम चालविले आहे. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लूही जन्मले. परंतु केंद्रात पिले वाढविता येतात. त्यांना मोकळे सोडण्याजोगा माळ मात्र केंद्रात वाढविता येत नाही.

हा पेच निर्माण होण्याच्या मुळाशी एक शब्द आहे. सरकारी दप्तरात अशा जमिनी पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदल्या जातात. पडीक जमिनीचा काही उपयोग करणे हे मग पुण्यकर्मच ठरते. खांब रोवणाऱ्याला आपण कोणाचे घर मोडतो आहोत, असे वाटतच नाही.

हे दूरच्या राजस्थानचे गाऱ्हाणे समजून महाराष्ट्राने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,००० चौरस किलोमीटरांच्याही वर होते. त्यात शेते आली, गावे आली, आणि जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले. नान्नजच्या माळावर आज काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळढोक मात्र दिसला तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. ज्याच्या नावातच आपला माळ आहे, त्याला पाहण्यासाठी आपल्याला आता जैसलमेर गाठावे लागते.

तेव्हा मरु उद्यानाला जाणाऱ्याने माळढोक दिसलाच पाहिजे, असा हट्ट धरू नये. दुर्बिणीतून दूरवर एक करडी आकृती गवतातून चालत गेली, तर ते आपले भाग्य. नाही दिसली, तर जीप आणखी जवळ नेण्यासाठी वाटाड्याच्या हातावर नोट ठेवू नये. एवढी गोष्ट तरी प्रत्येकाच्या हातची आहे. आणि परतल्यावर आपल्याच गावाबाहेरच्या माळाकडे एकदा पहाटे जाऊन पाहावे. तिथे कोणकोण राहते, याची विचारपूस तो माळ ‘पडीक’ ठरण्यापूर्वीच झालेली बरी.