कुटुंबातील हिंसा आणि बालसंरक्षण : परिषदेपासून चावडीपर्यंत

घर हे माणसाचे सर्वांत सुरक्षित आश्रयस्थान, अशी आपली परंपरागत समजूत आहे. अनेक स्त्रिया व बालके यांच्या बाबतीत मात्र ती खरी ठरत नाही. सन २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या प्रश्नाशी संबंधित डॉक्टर, पोलीस, वकील, शिक्षक व समाजकार्यकर्ते यांच्या परिषदा त्यासाठीच भरविल्या जातात. त्यांतून नेमके काय साधावयाचे असते?

तुटलेले दुवे

घरातील हिंसेच्या खुणा एका ठिकाणी गोळा होत नाहीत. दवाखान्यात जखमेवर टाके घातले जातात आणि केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ एवढीच नोंद होते. शाळेत मूल गप्प राहू लागते, गैरहजेरी वाढते. शिक्षक त्याला अभ्यासातील मागासलेपणा समजतात. ठाण्यावर आलेल्या स्त्रीला ‘घरचा मामला’ म्हणून परत पाठविले जाते. प्रत्येकाच्या हाती चित्राचा एकेक तुकडाच असतो. ते तुकडे जुळविण्याची रीत ठरविणे, हे अशा परिषदांचे पहिले कार्य होय. आईला होणारी मारहाण पाहणारे मूलही त्या हिंसेचा बळीच असते, ही जाणीवही याच विचारविनिमयातून दृढ होते.

महाराष्ट्रातील अनुभव

या सहकार्याचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. सन १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेतच बसू लागले. पुढे राज्य शासनाने ही योजना स्वीकारून अन्य जिल्ह्यांतही नेली. वांद्रे येथील भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालय हेही मदतीचे द्वार होऊ शकते, हे दाखवून दिले.

कायद्याचा आधार

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही त्यात हिंसाचार मानला आहे. पीडित स्त्रीला दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण, राहत्या घरात वास्तव्य, आर्थिक साहाय्य आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांचे आदेश मिळू शकतात. संरक्षण अधिकारी तिला अर्ज करण्यास साहाय्य करतात. शेजारी वा शिक्षकही त्यांना माहिती देऊ शकतात. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

बालकांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये १८ वर्षांखालील बालकावर असा अपराध झाल्याचे समजल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक असून, न कळविणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात नसावा आणि बालकाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असेही त्यात सांगितले आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकास बाल कल्याण समितीपुढे २४ तासांच्या आत हजर करावे लागते.

गावपातळीवरील जबाबदारी

परिषदेतील ठराव कागदावरच राहिले तर त्यांचा उपयोग नाही. त्यांची खरी कसोटी गावात लागते. दोन्ही घरची मंडळी बसवून, समजूत घालून स्त्रीला परत पाठविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्या जिवाला असलेला धोका न तपासता केलेली तडजोड ही मदत ठरत नाही. बालकावरील लैंगिक अपराधात तर गावाने तडजोड करण्यास जागाच नाही. बालकाचे नाव गुप्त राखणे, त्याला तीच हकिकत वारंवार सांगावयास न लावणे आणि योग्य यंत्रणेशी त्वरित संपर्क साधणे, ही पथ्ये पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी कटाक्षाने पाळावयास हवीत. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिता येतील. तालुक्यातील डॉक्टर, पोलीस, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि संरक्षण अधिकारी यांनी ठराविक काळाने एकत्र बसावयाचे ठरविले, तर मोठ्या परिषदांत झालेला विचार भयग्रस्त घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकेल.