घराचे छप्पर केव्हा बदलावे?

छपराचे काम बहुधा मृग तोंडावर आला की आठवते. देवगाव फाटा परिसरात पावसाळा जूनमध्ये सुरू होत असला तरी वळवाचा पाऊस एप्रिल-मे महिन्यांतच वादळी वाऱ्यासह येतो. तेव्हा घर उघडे असल्यास नुकतीच भरलेली ज्वारी व हरभरा भिजतो. अर्धवट बसविलेला पत्रा उडून माणसे, जनावरे जखमी होतात. म्हणून पत्र्याचे काम होळीनंतर, रब्बीची मळणी उरकताच सुरू करून पाडव्याच्या सुमारास संपवावे. अर्थात मार्चचाही पूर्ण भरवसा नाही. सन २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्येच मराठवाड्यात मोठी गारपीट झाली होती. त्यामुळे त्याच दिवशी झाकता येईल तेवढेच छप्पर उघडावे. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर, वायसर घालूनच बसवावेत. खोलगट भागात पाडलेले छिद्र हमखास गळते.

स्लॅबचे गणित वेगळे. त्यावर किमान १० दिवस सतत पाणी ठेवावे लागते. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि कडक उन्हाने स्लॅबला तडे जातात. स्लॅब दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना टाकावा. त्या दिवसांत कापूस वेचणीमुळे मजूर मिळत नाहीत, तेव्हा गवंड्याशी दसऱ्यालाच बोलून ठेवावे.