विश्लेषण : पिंपातली ‘ब्राउन एल’ बाटलीपेक्षा वेगळी का लागते?

इंग्लंडमधल्या पबमध्ये लांब दांडा ओढून ग्लासात उतरवलेली तपकिरी बीअर पहिल्या घोटाला अनेक भारतीय पर्यटकांची निराशा करते. ती बर्फासारखी गार नसते आणि फारशी फसफसतही नाही. हा दोष नव्हे. ‘कास्क एल’ची तीच ओळख आहे. ती कशी तयार होते, तिची चव कशी घ्यावी आणि ती विकणे पबना जड का जाते, याविषयी...

कास्क एल म्हणजे काय?

एल ही लागरपेक्षा जास्त तापमानाला आंबवलेली बीअर. केगमधली बीअर बहुधा गाळलेली असते आणि बाहेरून दिलेल्या वायूच्या दाबाने ग्लासात येते. कास्क एल मात्र जिवंत यीस्टसह पिंपात भरतात. पबच्या तळघरात तिचे किण्वन सुरूच राहते आणि त्यातूनच तिला हलका फेस येतो. ती हातपंपाने वर खेचतात किंवा पिंपाच्या तोटीतून थेट ग्लासात सोडतात. केग बीअरच्या लाटेत ही पद्धत टिकावी म्हणून १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक चळवळ सुरू केली.

ब्राउन एलमध्ये हॉप्सचे काम काय?

तपकिरी रंग आणि टॉफीसारखी चव येते ती खरपूस भाजलेल्या माल्टमुळे. १९२७ मध्ये बाजारात आलेली ‘न्यूकॅसल ब्राउन एल’ ही याची प्रसिद्ध, गोडसर आवृत्ती. पण ती ओळखली जाते बाटलीसाठी. ‘हॉपी’ ब्राउन एलमध्ये या गोडव्याला हॉप्स आवर घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुले. सुरुवातीपासून उकळली तर ती कडवटपणा देतात. शेवटी किंवा थेट पिंपात टाकली तर सुगंध. ‘फगल’ हे इंग्लिश हॉप्स मातकट वासाचे, तर ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ फुलांच्या हलक्या वासाचे असतात.

चव कशी घ्यावी?

ही बीअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. फार गार केली तर माल्टचा खरपूसपणा आणि हॉप्सचा वास दोन्ही दबतात. आधी वास घ्यावा, मग लहान घोट. सुरुवातीला भाजलेले दाणे, करपवलेली साखर आणि घोट गिळल्यावर मागे राहणारा कोरडा कडवटपणा, हा तिचा क्रम. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर बीअर उतरली आहे, असे समजून ग्लास परत करावा. शाकाहारींनी मात्र आधी चौकशी करावी. गाळ खाली बसवण्यासाठी अनेक ब्रुअरी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला ‘आयसिंग्लास’ वापरतात.

मग अडचण कुठे?

पिंपातून जेवढी बीअर निघते, तेवढी हवा आत शिरते. सकाळची गोड माडी संध्याकाळपर्यंत आंबते, तसाच हा प्रकार. फक्त इथे मुदत साधारण तीन दिवसांची. प्रचलित ‘फर्किन’ पिंपात नऊ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर बीअर मावते. ते ७२ पाइंट होतात. म्हणजे एकच पिंप वेळेत संपवायचे, तर रोज २४ ग्लास विकले गेले पाहिजेत. गिऱ्हाईक कमी असलेल्या पबला हे गणित जमत नाही.

ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनने पबमधल्या पिंपांवरील मद्यकर बाटलीपेक्षा कमी ठेवला. पण २० लिटर वा त्याहून मोठ्या केगलाही तीच सवलत मिळते. त्यामुळे नाशवंत कास्क एलला वेगळा आधार मिळाला नाही. शिळा ग्लास मिळालेला ग्राहक पुढच्या वेळी लागर मागवतो. विक्री मंदावते, पिंप आणखी रेंगाळते आणि पुढचा ग्लास त्याहून शिळा निघतो. म्हणून पबमध्ये शिरल्यावर यादीत एलचे किती प्रकार आहेत, यापेक्षा कोणता दांडा सारखा ओढला जातो, ते पाहावे.