अलिबाग-उरणच्या वाटेवरचे दगड

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आक्षी येतं. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा दगड इथलाच. वर्षानुवर्षं तो रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. अलीकडे कुठे त्याची नीट दखल घेतली गेली. डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला. लेखात केशिदेवाचं नाव आहे आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांत या नावाचे दोन राजे झाले, त्यामुळे काळाबद्दलचा वाद पुरता मिटलेला नाही. आपण मराठी माणसं मात्र ‘पहिला’ या मानावरच खूश असतो. लेखात काय लिहिलंय ते फार कमी लोक विचारतात. त्यात धान्य आहे: देवीच्या बोडणासाठी द्यायचं नऊ कुवळी धान्य. भाताची वाटणी दगडावर कोरून ठेवायची रीत या किनाऱ्यावर इतकी जुनी आहे.

कोकणपट्टीत असे दानाचे दगड बरेच सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि दान मोडणाऱ्याला खाली गाढवाची शिवी. म्हणून त्यांना गद्धेगाळ म्हणतात. शिवी इतकी उघडीवाघडी कोरावी लागली, याचा अर्थ दिलेली जमीन आणि धान्य परत हिसकावणारे तेव्हाही कमी नसणार.

पण ज्या शेतातून ते धान्य येई, त्याचा दगड कुठेच नाही. खारेपाटातली जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. मातीचे बांध घालायचे, भरतीचं पाणी अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि चार-दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलं की भात लावायचा. बांध फुटला की सारा गाव चिखलात उतरे. सामायिक बांधबंदिस्तीच्या या पद्धतीला जोळ म्हणत. हजारो हातांचं हे काम एकाही पाटीवर आलेलं नाही.

पुढची काही शतकं इथे ओलांडतो. त्यांतल्या आंग्र्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

उरण तालुक्यातल्या चिरनेरचा हुतात्मा स्तंभ २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर पाला-फांद्या जंगलातूनच आणाव्या लागत आणि जंगलावर सरकारी कुलूप होतं. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात आठ जण हुतात्मा झाले. नवश्या कातकरी, रामा कोळी, रघुनाथ न्हावी, आलू म्हात्रे ही त्यांतली काही नावं. आडनावं वाचली तरी कोणकोण डोंगर चढून गेलं होतं ते समजतं. मामलेदार जोशीही पोलिसांच्याच गोळीला बळी पडले.

माझ्या मते या साऱ्या दगडांत सर्वांत मोठी गोष्ट चरीची, आणि तिकडेच पर्यटकांच्या गाड्या वळत नाहीत. अलिबाग तालुक्याच्या खारेपाटातलं हे गाव. २७ ऑक्टोबर १९३३ ला इथल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई, त्यावर वेठ आणि नाना तऱ्हेच्या वसुल्या. नारायण नागू पाटील पुढे होते आणि चरीसह २५ गावं त्यांच्या मागे. संप सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. शेतकऱ्याने सहा पावसाळे नांगर न धरणं म्हणजे काय, हे शेती केलेल्यालाच कळेल. लोकांनी जंगलातली लाकडं विकली, खाडीत चिंबोऱ्या-मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याच वर्षी पाटलांचं ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झालं. १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ मान्य केलं, १९४८ चा कूळकायदा त्याच्याही पुढे गेला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक ठरवलं.

कूळ मालक झालं, त्याला धड एक पिढीही लोटली नाही तोच १९७० पासून नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. भाव ठरला सरकारी, खाचरं बुजली मुरमाने. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघरच्या रस्त्यावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पुन्हा गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा नियम आला. आता जासईच्या स्मारकाजवळून बंदराचे कंटेनर ट्रेलर जातात, २०२४ पासून जवळच चिर्ल्याला अटल सेतूही उतरतो, आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी काही घरं अजून सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत आहेत.