पाटोद्याची वीज आणि थांबलेला कॅमेरा

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या माथ्यावरच्या पाटोदा तालुक्यात विजेचे हंगाम दोन. पहिला वळवाच्या पावसाचा, एप्रिलपासून मृगापर्यंत. दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाचा, म्हणजे नेमका सोयाबीन काढणीच्या तोंडावरचा. मधल्या महिन्यांत या पर्जन्यछायेच्या मुलखात आभाळ भरून राहते, पण कडकडाट त्या मानाने कमी. उघडे माळ, सौताड्याला एकदम तुटणारा कडा, मोठ्या शहरांचा उजेड दूर: वीज टिपू पाहणाऱ्याला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. मात्र वीज टिपायची म्हटले की आजकाल डोळ्यांपुढे गाडी दामटत वादळामागे जाणारा छायाचित्रकारच येतो. माझे म्हणणे असे की पाटोद्यात ही रीत कुचकामी आहे. इथल्या विजेचे मोलाचे चित्र पक्क्या घरात एका जागी थांबलेल्या कॅमेऱ्यातूनच निघेल.

पाठलागाची रीत अमेरिकेच्या मध्य मैदानांत रुजली, त्याला तिथली कारणे आहेत. वसंतात तिथे उंचावरचे वारे जोरदार असतात. त्यांच्या बळावर फिरता महामेघ (सुपरसेल) तासन्‌तास टिकतो, बऱ्यापैकी ठरल्या दिशेने सरकतो आणि खाली सरळ आखलेले रस्ते असतात. मराठवाड्यात वळवाचा ढग तापलेल्या जमिनीवर जवळजवळ जागच्या जागी चढतो. एकेका ढगाचे आयुष्य साधारण अर्धा ते एक तास. तो विरताना त्यातून सुटलेला गार वारा शेजारी दुसरा ढग उठवतो. तो नेमका कुठे, हे आधी सांगणे अवघड. घाटवळणांनी तिथवर पोचेपर्यंत पहिला बरसून मोकळा झालेला असतो आणि दुसरा पाठीमागे गडगडत असतो. शिवाय जिथे ही रीत चालते तिथेही तिची किंमत मोठी आहे. विजेच्या अतिवेगवान चित्रणासाठी वर्षानुवर्षे खपलेले टिम समारास ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनोजवळ टोर्नेडोत सापडले. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा आणि एक सहकारीही गेले.

छायाचित्राने विजेबद्दल खरे काही शिकवले ते पाठलाग न करताच. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ साली काढलेले चित्र विजेच्या अगदी आद्य छायाचित्रांपैकी एक. चित्रकार तोवर वीज टोकदार कोनांच्या वेड्यावाकड्या रेषेने काढत. छायाचित्राच्या काचेवर उमटली ती उपनद्यांसह वाहणाऱ्या नदीसारखी फाटे फुटलेली. पण साधा कॅमेरा जागेबद्दल खरे सांगतो आणि वेळेबद्दल दिशाभूल करतो. रात्री ट्रायपॉडवर वीस सेकंद शटर उघडे ठेवले की त्या अवधीत चमकलेल्या साऱ्या विजा एकत्र पडल्यासारख्या दिसतात. ही अडचण ओळखून भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी १९००च्या सुमारास फिरत्या भिंगांचा कॅमेरा योजला, आणि १९३०च्या दशकात बेसिल शॉनलँड यांनी तो दक्षिण आफ्रिकेतल्या वादळांवर रोखला. वीज एका दमात खाली येत नाही, हे त्यातून दिसले. तिची अंधुक वाट काही दहा मीटर लांबीच्या टप्प्यांनी उतरते. जमिनीशी सांधा जुळताच डोळे दिपवणारा झोत खालून वर धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने. मग सेकंदाच्या काही शतांश भागांच्या अंतराने तीच वाट पुन्हा पुन्हा उजळते. आपल्याला वीज थरथरल्यासारखी दिसते ती यामुळे. म्हणून पाच विजा एकत्र साठवलेल्या देखण्या चित्रापेक्षा सलग चालू ठेवलेले, घड्याळ जुळवलेले साधे व्हिडिओ-चित्रण मला अधिक मोलाचे वाटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४ पासून महाराष्ट्रात विजा नोंदवणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप दिले. मग कॅमेरा कशाला, असे कोणी विचारेल. जाळे विजेची वेळ, ठिकाण, प्रवाह सांगते आणि इशाऱ्यासाठी तेच हवे. पण जमिनीवर येणाऱ्या विजांपैकी बऱ्याच एकाहून अधिक ठिकाणी टेकतात, कधी दोन ठिकाणांत काही किलोमीटरचे अंतर असते. हे फाटे स्वच्छ दिसतात ते कॅमेऱ्याला. कुसळंब आणि डोंगरकिन्ही अशा दोन गावांतून एकाच वेळी चित्रण झाले, प्रत्येक खिडकीची दिशा नीट मोजलेली असली, तर दोन दिशारेषा जिथे छेदतात तिथे वीज टेकली असे काढता येते आणि जाळ्याची नोंद त्याच्याशी ताडून पाहता येते. धावत्या गाडीतल्या चित्राला ना पक्की जागा, ना पक्की दिशा. ते या कामाला येत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसे विजेने मेली. शेतात राबणाऱ्यांना मारणारी गोष्ट दिवाणखान्यातल्या भिंतीवर शोभेसाठी लावावी का? मला हा आक्षेप खरा वाटतो, आणि त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते: विजेचे चित्र धोका चुकीच्या जागी दाखवते. डोळा लखलखत्या रेषेच्या टोकावर खिळतो. प्रत्यक्षात झाडाखाली उभ्या माणसाला झाडावरून उडालेला प्रवाह गाठतो, आणि जमिनीतून पसरणारा प्रवाह झाडाजवळ दाटीने उभी जनावरे एकदम लोळवतो, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते. यांतले काहीच चित्रात उमटत नाही. म्हणून चित्र टाकून द्यावे असे मात्र नाही. त्याला अंतराची जोड द्यावी. व्हिडिओत लखलखाट आणि आवाज दोन्ही येतात, आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज मूळ पावसापासून दहा किलोमीटरवरही पडू शकते, म्हणून लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आत कडकडाट आला की उघड्यावर थांबू नये असा नियम आहे. चित्राखाली तारीख, वेळ, दिशा आणि लखलखाट व कडकडाट यांमधले सेकंद छापले, तर आठ सेकंद वाचणाऱ्या शेतकऱ्याला कळेल की ही वीज पावणेतीन किलोमीटरवर होती, आणि पुढची त्याच्याच बांधावर पडू शकली असती.