आधी तारीख, मग तक्रार

20 जून 2022, सोमवार. निवृत्तीला एकेचाळीस दिवस उरले होते. दुपारी शिपाई टेबलावर एक खाकी पाकीट ठेवून गेला. आत दीड पानाचं पत्र होतं. सेवापुस्तिकेच्या पडताळणीत आक्षेप निघाला आहे, बारा वर्षांच्या सेवेनंतर 2008 साली मिळालेल्या लाभाची वेतननिश्चिती चुकली होती, सबब जादा दिलेले 2 लाख 14 हजार रुपये आपल्या उपदानातून वसूल करण्यात येतील.

नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर 1996 साली मी राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक म्हणून लागले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या सेवापुस्तिकांत नोंदी केल्या. वेतननिश्चिती मी केलेली नव्हती, वाढ मी मागितलेली नव्हती, कुठलं खोटं कागदपत्र दिलेलं नव्हतं. खात्याने दिलं ते घेतलं आणि त्यात दोन पोरांची शिक्षणं केली. त्या दिवशी माझ्या गावी, गिरडला, परत येताना एसटीत मी ते पत्र चार वेळा वाचलं. पैशापेक्षा 'वसूल' हा शब्द जास्त लागला. चोरी केल्यासारखं वाटलं.

आमच्या गावात वकील म्हणजे जमिनीचा वकील. धुऱ्याचं भांडण, हिस्सेवाटणी, फेरफार. माझ्या नात्यातले एक भासरे तालुक्याला वकिली करतात. माणूस सज्जन, माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. त्यांनी खात्याला विनंती अर्ज लिहून दिला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. मग म्हणाले, "सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊ आणि दिवाणी दावा टाकू." प्रत्येक अर्जाची पोच मी जपून ठेवत होते आणि आपलं काम पुढे सरकतंय असं समजत होते. अशात दहा महिने गेले. 31 जुलैला मी निवृत्त झाले होते, उपदानातून रक्कम कापूनही झाली होती.

एप्रिलमध्ये जुन्या कार्यालयातली एक मैत्रीण आमच्या गावच्या टेकडीवरच्या फरीदबाबांच्या दर्शनाला आली होती. टेकडी उतरल्यावर माझ्या ओसरीवर बसली, सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मॅटमध्ये गेलीस का?" मी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "अगं, वर्षाची मुदत असते!"

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. 1985 च्या कायद्याखाली ते 1991 साली सुरू झालं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची बदली, बढती, निलंबन, पेन्शन असल्या तक्रारी तिथेच जातात. दिवाणी न्यायालयाला त्यात अधिकार नाही. म्हणजे भासऱ्यांनी सुचवलेला दावा दाराशीच अडला असता, आणि तोवर खऱ्या दाराची मुदत संपली असती. अर्जावर अर्ज केल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेलं आहे. कार्यालयात बसून नियमांची पुस्तकं चाळणाऱ्या मला हे माहीत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

मे महिन्यात उमरेडमार्गे नागपूरला गेले. मैत्रिणीने पत्ता दिलेल्या वकीलबाई वीस वर्षांहून जास्त काळ फक्त नोकरीविषयक प्रकरणं चालवतात. वायरच्या पिशवीतून मी सगळे कागद त्यांच्या टेबलावर ओतले आणि माझी कहाणी सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "ताई, आधी तारीख, मग तक्रार. आदेशावर तारीख कोणती? हातात कधी पडला?" पत्रावर 13 जून होती. हातात 20 ला पडलं हे आठवत होतं, पण ती तारीख मी कुठेच लिहिली नव्हती. "मग 13 च धरायची," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण केली.

नंतरचे त्यांचे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. मालक कोण, राज्य सरकार की जिल्हा परिषद? गट कोणता? जादा रक्कम किती वर्षांची? चूक खात्याची की तुम्ही काही लपवलं होतं? आणि शेवटी, "वसुलीला हरकत नाही असं वचनपत्र कधी दिलं होतं का?"

हा शेवटचा प्रश्न म्हणजे अनुभव काय असतो त्याचं उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी रफिक मसीह प्रकरणात सांगितलं, की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभराच्या आत निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांहून अधिक काळ दिलं गेलेलं जादा वेतन वसूल करू नये. हा निकाल कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांकडे फिरतो. पण 2016 साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात, संबंधित अधिकाऱ्याने वेतननिश्चितीच्या वेळी वचनपत्र दिलेलं होतं म्हणून वसुली योग्य ठरवली. पहिला निकाल कुणीही सांगेल. दुसरा ठाऊक असणारा आणि सरकारी वकील तोच पुढे करणार हे आधीच ओळखणारा वकील आपल्याला हवा असतो.

मला काही आठवेना. त्यांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सेवापुस्तिकेची पूर्ण प्रत मागायला लावली. प्रतीत वचनपत्र निघालं. माझ्या छातीत धस्स झालं. पण ते 2019 चं, सातव्या वेतन आयोगाच्या वेळचं होतं. 2008 च्या लाभाशी त्याचा संबंध नव्हता. तो कागद त्यांनी लपवला नाही, स्वतःहून अर्जाला जोडला आणि त्याखाली एक परिच्छेद लिहिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. "वसुली थांबावी म्हणून मी भांडेन. पण चुकलेलं वेतन दुरुस्त करायचा हक्क सरकारला आहे. पेन्शन थोडी कमी बसेल, ते मी वाचवू शकणार नाही." त्या घटकेला मन खट्टू झालं, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो याच वाक्याने. काय मिळणार नाही हे जो सांगतो, तो वकील धरावा.

गावातल्या वाचकांसाठी दारांचा हिशेब सांगते, कारण नोकरीच्या प्रकरणात अर्धी लढाई दार ओळखण्यात आहे. तलाठी, वनरक्षक, पोलीस शिपाई, कृषी सहायक हे राज्य सरकारचे, ते मॅटमध्ये. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि ग्रामसेवक मात्र मॅटच्या कक्षेत येत नाहीत. वरिष्ठांकडचं अपील संपल्यावर त्यांची वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. पोस्टमन केंद्राचा, त्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. खासगी शाळेतल्या शिक्षकाला काढलं तर 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण, आणि तिथे मुदत अवघी 30 दिवसांची. एसटीचा वाहक किंवा हिंगणघाटच्या गिरणीतला कामगार यांच्यासाठी कामगार आणि औद्योगिक न्यायालयं. मॅटचा निकाल विरुद्ध गेला तरी उच्च न्यायालयाचं दार उघडं राहतं, हे 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालाने पक्कं केलं आहे.

विभागीय चौकशीत सहसा वकील उभा करता येत नाही, दुसरा सरकारी किंवा निवृत्त कर्मचारी बचाव सहायक म्हणून घेता येतो. तरी दोषारोपपत्र हाती आलं की उत्तर लिहिण्याआधीच वकिलाला दाखवावं. घाईत लिहिलेलं 'चूक झाली, क्षमा असावी' हे वाक्य पुढे कुठलाही वकील पुसू शकत नाही. आम्ही बायका ते फार लवकर लिहून देतो.

वकील निवडताना कोट आणि कार्यालयातली पुस्तकं बघू नका. असली प्रकरणं याआधी कुठे चालवली, काय निकाल लागले, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, हे तोंडावर विचारा. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते, तिचा क्रमांक वकालतनाम्यावर असतो. "वसूल झाल्यावर निम्मे माझे" असा सौदा वकिलाला नियमाने करता येत नाही. असं कुणी म्हणालं तर उठून यावं. फी टप्प्याटप्प्याने ठरवून कागदावर घ्यावी, पावती मागावी. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नये. मूळ कागद आपल्याकडे, झेरॉक्स वकिलाकडे.

आणि जे मला फार उशिरा कळलं ते हे: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅटमध्ये माझा अर्ज दाखल झाला, मुदतीला जेमतेम आठवडा उरला असताना. सव्वा वर्षाने निकाल लागला. कापलेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला, पेन्शन मात्र वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे थोडी कमी बसली. बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. 'वसूल' हा शब्द त्या दिवशी माझ्या अंगावरून उतरला. 1982 च्या नकारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, कर्मचाऱ्याचा हक्क आहे. ते मी कार्यालयात कैकदा ऐकलं होतं. त्या दुपारी ते माझ्यापुरतं खरं झालं.

फरीदबाबांच्या टेकडीवर जायफळासारखे दिसणारे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले, आणि त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी वाळल्या पानांतून त्यांचा माल पुन्हा उभा केला, अशी आमच्याकडे कथा आहे. मला ती लहानपणापासून आवडते. पण कागदांचं असं आपोआप होत नाही. त्यासाठी जाणता हात लागतो, आणि तो वेळेत गाठावा लागतो.

आता गावातल्या अंगणवाडी सेविका, रोजंदारीवरचे पोरगे, निवृत्तीला आलेले शिपाई माझ्याकडे पत्रं घेऊन येतात. मी वकील नाही, सल्ला देत नाही. पाकीट हातात घेते, पेन मागते आणि त्यांच्याकडूनच त्यावर लिहून घेते: 'आज मिळाले', खाली तारीख आणि सही. मग नागपूरच्या एसटीची वेळ सांगते.