तुरटी पाण्यात करते तरी काय?

आषाढात नदीला नवं पाणी आलं की घरोघरचे हंडे गढूळ होतात. मग तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेढे फिरवायचा आणि हंडा झाकून ठेवायचा. सकाळी गाळ तळाशी, वर नितळ पाणी. एवढ्याशा खड्याने हे साधतं कसं?

वाळूचे जड कण आपोआप बसतात. खरा त्रास चिकणमातीच्या कणांचा. त्यातले कितीतरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना लोटतात, म्हणून कण एकत्र येत नाहीत आणि दिवसचे दिवस तरंगत राहतात.

तुरटीसारखं मीठही पाण्यात विरघळतं, पण त्यातला सोडियम पाण्याला धरून नुसता फिरत राहतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं दुहेरी सल्फेट. तिची गोष्ट विरघळण्यावर थांबत नाही. सुट्या झालेल्या ॲल्युमिनियम आयनावर तीन धनभार असतात. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात. त्यांचे इलेक्ट्रॉन तो इतक्या जोराने स्वतःकडे ओढतो, की रेणूंमधले हायड्रोजन आयन निसटतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी होतं ते यामुळेच. मागे तयार होतं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, न विरघळणारं आणि बुळबुळीत. ॲल्युमिनियमच्या धनभाराने मातीच्या कणांवरचा ऋणभार आधीच मावळलेला असतो. या चिकट पुंजक्यांत ते अडकतात, पुंजके जड होतात आणि तळ गाठतात. नदीचा गाळ खाडीत बसतो, त्यातही खाऱ्या पाण्यातल्या आयनांचा असाच हात असतो. पण तिहेरी भारामुळे ॲल्युमिनियमला हे काम फार थोड्या मात्रेत जमतं.

सुटलेलं आम्ल पाण्यातले बायकार्बोनेट शोषून घेतात. मात्र खडा फार वेळ फिरवला तर ते पुरे पडत नाहीत. पाणी जास्त आम्लधर्मी झालं की हायड्रॉक्साइडचे पुंजके नीट बनत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यातच राहतं. जलशुद्धीकरण केंद्रांत म्हणूनच ‘जार टेस्ट’ करतात. वेगवेगळी मात्रा घातलेली भांडी ढवळून, कोणत्या भांड्यात गाळ उत्तम बसतो ते पाहतात. घरीही थोडक्यात आवरणंच बरं.

नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. गाळासोबत काही जंतू खाली जातात, सगळे नाही. तेव्हा वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता आणि उकळूनच प्या.